फळीवरचा फकिरा आणि पडद्यावरचा दुसरा भाग



कल्याणच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे दोन प्रश्न आहेत. घरात मुलांसाठी कोणत्या कादंबऱ्या असाव्यात, हा पहिला. हल्ली आपल्या विषयावर जे पिक्चर निघतात ते मुलांना दाखवावेत की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आम्ही झोपेतसुद्धा देऊ. दुसऱ्यावरून मात्र आमच्याच घरात मतभेद झाले होते, आणि ते पुरते मिटलेत असे म्हणता येणार नाही. तेव्हा आज सदराच्या निमित्ताने घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडतो. आमच्या सहचारिणींची परवानगी घेतलेली आहे. मुलीचीही घेतली आहे, आणि ती का घ्यावी लागली ते पुढे कळेलच.

आमच्या भिवंडीतल्या घरात पुस्तकांची एकच फळी आहे. वरच्या बाजूला बाबासाहेबांचे खंड, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, आणि खाली कथा-कादंबऱ्या. त्यातली बहुतेक पुस्तके ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर घेतलेली. भिवंडीहून एस.टी.ने कल्याण किंवा ठाणे गाठायचे, पुढे लोकल, चैत्यभूमीची रांग, आणि परतताना पुस्तकांचे स्टॉल. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवायचे, कारण एकदा स्टॉलवर गेलो की उरलेला खिसा रिकामाच होतो. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आम्ही अशीच घेतली. रात्री घरी आलो, बाहेर यंत्रमागांची खटखट चालू होती, आणि आम्ही पहाटेपर्यंत वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी कामावर डुलक्या काढल्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळी.

‘फकिरा’ १९५९ साली आली. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. वाटेगावात जन्मलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला आणि घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणारा माणूस अशी कादंबरी लिहितो, याचे आम्हाला अजून नवल वाटते. आणि एक कबुलीही द्यायला हवी. आपल्यातल्या पुष्कळांनी अण्णाभाऊंना बरीच वर्षे ‘त्यांचे’ म्हणून बाजूला ठेवले. १ ऑगस्टची जयंती मातंग बांधवांनी करायची आणि आपण रस्त्याच्या कडेने पाहायची, असे आम्ही स्वतः केलेले आहे. ज्या पुस्तकात महार आणि मांग एकाच उपासमारीत एकमेकांना धरून उभे राहतात, ते पुस्तक वाचूनही असे केले, ही त्यातली शरमेची गोष्ट.

आमच्या मते ‘फकिरा’ ही खरे तर दोन भागांची कादंबरी आहे. पहिल्या भागात रानोजी, म्हणजे फकिराचा बाप. तो शिगावची जोगणी वाटेगावला आणायला निघतो. जोगणी ज्या गावाची त्या गावाची जत्रा, असा तो मान. गावाच्या त्या मानापायी रानोजीचा जीव जातो. दुसऱ्या भागात मुलगा. बापासारखाच धिप्पाड, बापासारखाच हट्टी. एखाद्या कच्च्या लेखकाने मुलालाही दुसरी जोगणी आणायला पाठवले असते. अण्णाभाऊ तसे करत नाहीत. दुष्काळ पडतो, वस्तीत माणसे अन्नावाचून मरायला लागतात, आणि फकिरा गावाच्या मानासाठी नव्हे तर भाकरीसाठी बाहेर पडतो. धान्याचे कोठार फोडतो, पुढे सरकारी खजिना लुटतो. शेवटी इंग्रज सरकार बायकापोरांना डांबते तेव्हा तो आपल्या पायांनी जाऊन हजर होतो. बाप गावासाठी मेला, मुलगा आपल्या माणसांसाठी. दुसरा भाग असा असावा. पहिल्याचे रक्त त्यात असावे, पण पाऊल पुढचे असावे.

फळीवरच्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. ती आपल्या चळवळीतली नाही, पण आमच्या सहचारिणींची सगळ्यात आवडती. नवरा कामातून गेलेला, घर ओढणारी एकटी कौतिक, आणि अस्सल वऱ्हाडी बोली. आमच्या सहचारिणी म्हणतात, की भिवंडीच्या प्रत्येक चाळीत एक कौतिक आहे, फक्त ती वऱ्हाडी बोलत नाही. कुणी तेलुगू बोलते, कुणी भोजपुरी. बाबुराव बागुलांचा ‘सूड’ १९७० चा. आकाराने लहान पण हातात धरला की चटका बसतो. त्यातली जानकी अपमान सोसून सोसून अशी पेटते की बाईपणच टाकून द्यायला निघते. हे पुस्तक आम्ही तीन वेळा वाचले, आणि तिन्ही वेळा मध्येच उठून बाहेर फेरी मारून आलो. बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा संग्रह कादंबरी नव्हे, तरीही त्याची जागा याच फळीवर आहे. शरणकुमार लिंबाळे यांची २०१८ ची ‘सनातन’ अलीकडची भर. तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटणारे दोघेच निघाले, आणि त्यांतल्या एकाने पुस्तक वाचलेले नव्हते. असो.

आता पिक्चरकडे वळू.

२०२५ सालच्या वर्षावासात आमच्या विहारात नेहमीप्रमाणे संध्याकाळचे ग्रंथवाचन चालू होते. १ ऑगस्टला शुक्रवार होता. तरुण पोरांनी सुचवले की सकाळी अण्णाभाऊंच्या प्रतिमेला हार घालू आणि दुपारी सगळे मिळून नवा पिक्चर पाहू. तो त्याच दिवशी लागतो आहे आणि आपल्या विषयावर आहे. पिक्चरचे नाव होते ‘धडक २’. नाव ऐकूनच आम्ही कपाळाला आठ्या घातल्या. का, ते सांगायला जरा मागे जावे लागेल.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. ‘झिंगाट’वर पोरे नाचली आणि शेवटच्या दृश्यात त्या लहान लेकराची रक्ताची पावले पाहून सगळे थिएटर गप्प झाले. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हते. त्या वेळपर्यंत मराठीत सर्वाधिक कमाई केलेला तो चित्रपट ठरला. मग हिंदीवाल्यांनी तो उचलला, आणि जुलै २०१८ मध्ये त्याचा ‘धडक’ केला. कथा सोलापूर जिल्ह्यातून उदयपूरला गेली. कपडे चांगले आले, वाडे मोठे आले, गाणी राहिली. जात मात्र वाटेतच कुठेतरी उतरून गेली. तिचा ओझरता उल्लेख तेवढा उरला. पाटलाची मुलगी आणि पारध्याचा मुलगा या दोघांमध्ये जे उभे होते तेच काढून घेतले, तर मग त्यांना मारले कशासाठी, याचे उत्तर पिक्चरकडे नव्हते.

आणि आता त्याच नावाचा दुसरा भाग! खरे तर त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. पात्रे वेगळी, गाव वेगळे. तो बेतलेला आहे मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ चित्रपटावर. तो सप्टेंबर २०१८ मध्ये आला होता, आणि निर्माते होते पा. रंजित. तिरुनेलवेलीच्या कायदा महाविद्यालयात शिकायला आलेला आपल्यासारखा एक मुलगा, वरच्या जातीची वर्गमैत्रीण आणि तिच्या घरचे लोक, अशी ती गोष्ट. भिवंडीच्या भाषेत सांगायचे तर एका सुताच्या ताग्यावर दुसऱ्याच मालाचा शिक्का मारला. गंमत अशी की इथे आतला माल चांगला होता आणि शिक्काच हलका होता.

तमिळ चित्रपट आम्ही आधी पाहिलेला होता, खाली उमटणारी अक्षरे वाचत वाचत. म्हणून मनात आशाही होती. दिग्दर्शिका शाझिया इक्बाल नव्या आहेत, नायकाला अहिरवार हे आडनाव दिले आहे असे कळले होते. हिंदी पडद्यावर नायकाला असे आडनाव किती वेळा मिळते? निघालो. पूर्णा, काल्हेर, कशेळीवरून ठाणे. गोदामांचे कंटेनर आणि मध्ये मेट्रोच्या खांबांचे चालू असलेले काम, त्यामुळे पहिली दहा मिनिटे चुकायच्या बेतात होती. तिकिटे काढताना आमच्या सहचारिणी म्हणाल्या, “एवढ्यात फकिराच्या चार प्रती आल्या असत्या.” हिशेब बरोबर होता.

आम्हाला पिक्चरने निराश केले. सगळे वाईट होते असे नाही, ते आधी सांगतो. नायकाचा बाप बाईचा वेष घेऊन नाचणारा कलावंत आहे, आणि त्याची जी विटंबना होते ती पाहताना आमच्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसत होते. विपिन शर्मा यांनी तो बाप उभा केला आहे. महाविद्यालयातल्या विद्यार्थी कार्यकर्त्याच्या आत्महत्येचा प्रसंग आहे. तो पाहताना १७ जानेवारी २०१६ आणि रोहित वेमुला आठवल्याशिवाय राहत नाही. हे दाखवायला हिंमत लागते. ती दाखवली, त्याबद्दल धन्यवाद.

पण. नायक आपल्यातला आहे हे कळावे म्हणून नटाच्या चेहऱ्याला सावळा रंग फासला. आमच्या वस्तीत या, गोरी, सावळी, घाऱ्या डोळ्यांची, सगळ्या तऱ्हेची माणसे दाखवतो. जात कातडीवर असती तर ती लपवणे कुणाला जमलेच नसते. दुसरे, सेन्सॉर बोर्डाने सोळा ठिकाणी बदल सुचवले होते, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनीच वाचले. जातिवाचक शब्द गाळले किंवा बदलले. तीन हजार वर्षांचा अनुशेष सत्तर वर्षांत कसा भरेल, अशा अर्थाचे एक वाक्य होते. त्यातला वर्षांचा आकडा काढून मोघम शब्द घातले. सुरुवातीला जी सूचना दाखवतात तीही लांबवून जवळजवळ दोन मिनिटांची केली. म्हणजे शिवी देणाऱ्याचे तोंड झाकले, आणि ती कुणी कुणाला दिली हे प्रेक्षकाने ओळखून घ्यायचे. रस्त्यावर ती रोज ऐकू येते तेव्हा कोणते बोर्ड आवाज बंद करते?

आणि शेवट. तमिळ चित्रपटाचा शेवट ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. मुलगा आणि मुलीचा बाप समोरासमोर बसून बोलतात. मुलगा आरडाओरडा करत नाही. तुम्ही जोवर तुमच्या जागी आहात आणि आम्ही आमच्या जागी असावे असे तुम्हाला वाटते, तोवर काही बदलायचे नाही, एवढेच तो सांगतो. मग टेबलावर चहाचे दोन पेले दिसतात. एकात दुधाचा चहा, एकात कोरा, आणि दोहोंच्या मध्ये एक फूल. संपले. लग्न नाही, मिठी नाही, तोडगाही नाही. बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा प्रश्न उभा केला तो १९२७ साली. आणि इतक्या वर्षांनी दोन पेले अजून वेगळेच आहेत, हे त्या दिग्दर्शकाने एका चित्रात सांगितले. हिंदीवाल्यांना तेवढे पुरले नाही. त्यांना प्रेमकथा हवी होती, प्रेमाचा दिलासा हवा होता. पहिल्या ‘धडक’मध्ये जात गायब केली म्हणून लोक बोलले, तर दुसऱ्यात जात आणली आणि तिला प्रेमाचे पांघरूण घातले. फकिरासारखे पुढचे पाऊल आम्हाला दिसले नाही.

परतताना बसमध्ये आम्ही हे सगळे मोठ्या आवाजात बोललो. आम्ही बोलायला लागलो की थांबत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. विहारातली पोरे मान डोलावत होती. आमच्या सहचारिणी खिडकीबाहेर पाहत होत्या. मुलगी काहीच बोलली नाही. ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि एरवी आमचे एकही वाक्य ती वादावाचून पुढे जाऊ देत नाही.

घरी आल्यावर चहा झाला, मग ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. पण तो प्रोफेसर त्याला सगळ्यांसमोर बोलतो ना, तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. माझ्यासोबत पण झालंय.”

मग हळूहळू बाहेर आले. पहिल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात, एका अध्यापकांनी वर्गात एकेकाला उभे करून प्रवेशपरीक्षेचे गुण विचारले होते. कुणाचा प्रवेश कोणत्या यादीतून झाला तेही विचारले. हिने सांगितले. मागच्या बाकावरून कुणीतरी हसले. बस्स, एवढेच. अंगाला कुणी हात लावला नाही, शिवीही दिली नाही. पण तेव्हापासून ती नव्या ओळखीत फक्त आपले नाव आणि वडिलांचे नाव सांगते. आडनाव सांगत नाही. दुसऱ्या तुकडीतल्या मैत्रिणींचा समज आहे की आम्ही कोकणातले कुणीतरी आहोत. तो तिने तसाच राहू दिला. १४ एप्रिलला मिरवणुकीतले फोटो तिने दोन वर्षे कुणालाही दाखवले नाहीत.

आम्ही गप्प बसलो. फळी समोरच होती. तिच्यावर ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ठळक अक्षरांत उभे होते. ते पुस्तक मुलीच्या जन्माच्या आधीपासून तिथे आहे. त्यावर आम्ही विहारात भाषण दिलेले आहे. याच सदरात, वेगवेगळ्या निमित्तांनी, किमान चार वेळा त्याचा उल्लेख केला आहे. आणि त्या फळीखाली अभ्यास करणारी आमची पोर दोन वर्षे तेच करत होती.

“तू आम्हाला सांगितलं का नाहीस?” आम्ही विचारले.

“तुम्ही लगेच निवेदन घेऊन कॉलेजात आला असता,” ती म्हणाली. खोटे नाही. आलोच असतो.

आमच्या सहचारिणी म्हणाल्या, “मला सांगितलं होतं.” वाचकहो, हे दुसरे.

त्या रात्री आम्ही बागुलांची ती कथा तिला वाचून दाखवली. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमातले. मराठी येते, पण छापील पान पाहिले की तिला चढण चढल्यासारखे वाटते, म्हणून फळीकडे ती वळली नव्हती. हा दोष तिचा नाही. शाळा आम्ही निवडली होती. कथेतला तो तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, भाड्याची खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि उघडकीला आल्यावर मार खातो. मध्येच तिने आम्हाला थांबवले आणि विचारले, “काशीनाथ चाकू घेऊन फिरतो आणि हा कविता करतो. दोघांतलं बरोबर कोण?” आम्ही भाषणाच्या तयारीत तोंड उघडले, पण उत्तर सुचले नाही. पुढे वाचत राहिलो.

पुढच्या दोन महिन्यांत तिने ‘फकिरा’ वाचली, रोज थोडी थोडी, कॉलेजला जाता-येता. आणि आमच्या आवडत्या कादंबरीत खोडी काढली. तिचे म्हणणे असे, की रानोजी आणि फकिरा ठीक आहेत, पण गावचा पाटील एवढा चांगला कसा? कुलकर्णीही चांगला, पाटीलही चांगला, मग गावात वाईट कोण? आम्हाला हे झोंबले. आम्ही सांगितले की अण्णाभाऊंना गाव तोडायचे नव्हते, जोडायचे होते. शिवाय कोठारावर बसलेले आहेत की वाईट. ती म्हणाली, “म्हणजे वाईट माणसं नेहमी दुसऱ्या गावातली. पिक्चरमध्ये पण असंच होतं, त्याला तुम्ही नावं ठेवली.” यावर आम्ही चहा मागितला.

तेव्हा कल्याणच्या भगिनींनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर आम्ही बदलले आहे. पिक्चर दाखवा. ‘धडक २’ आम्हाला आजही निराशाजनकच वाटतो, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी तमिळ पाहावा, किंवा मंजुळ्यांचा ‘फँड्री’ पाहावा. डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारी ती माणसे आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, एवढ्या एका दृश्यासाठी पाहावा. पण मुलांबरोबर जा, आणि परतताना बसमध्ये आमच्यासारखे बोलत बसू नका. शेजारी बसून गप्प राहा. पुस्तके मात्र फळीवर नुसती उभी करून ठेवू नका. ‘फकिरा’, ‘सूड’, ‘धग’ आणि बागुलांच्या कथा, एवढी चार पुरेत. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मिळतील, फक्त भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा.

आमची ‘फकिरा’ची प्रत सध्या घरी नाही. मुलीने ती दुसऱ्या तुकडीतल्या एका मैत्रिणीला वाचायला दिली आहे. देताना पहिल्या पानावर, आमच्या नावाखाली, तिने आपले नाव घातले, आडनावासह. पुस्तक परत कधी येणार, असे आमच्या सहचारिणी दर रविवारी फळी पुसताना विचारतात. अजून आलेले नाही.